दुसऱ्या सहीचा रकाना

विठोजीराव घाटगे यांच्याबद्दल लिही असं मला कुणी सांगितलेलं नाही. उलट लिहू नये असंच मला गेली कित्येक वर्षं वाटत आलं आहे. त्यांच्याविषयी खरं लिहायचं तर माझ्याविषयीही लिहावं लागतं, आणि त्यात माझी काही शोभा नाही.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या बेंगळुरूच्या ऑफिसच्या जिन्यात. शहाण्णव सालचा ऑगस्ट. पुण्याहून येऊन मला चार दिवस झाले होते आणि रोजच्या सांबाराने माझं डोकं फिरलं होतं. जिन्यातल्या विजेच्या मीटरला काठी लावून, काठीचं दुसरं टोक कानाला लावून एक उंच, काळासावळा माणूस उभा होता. मला वाटलं वायरमन असेल. मी हिंदीत विचारलं, "लाइट गया क्या?"

"लाईट हाय अक्का," ते मागे न बघता मराठीत म्हणाले. "मीटर स्वल्प कण्हायलाय, एवढंच. आणि पुण्याची हिंदी लपत न्हाई हो."

मी चोवीस वर्षांची, ते छपन्नचे, आणि म्हणे अक्का. मी जरा फणकाऱ्याने तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, इथं दहा वर्षांच्या मुलीलाही अक्काच म्हणतात, तुम्हाला काय वेगळं म्हणू. मग मीही त्यांना अण्णा म्हणायला लागले.

त्यांचं घर चिकपेटमधल्या एका बोळात होतं. खाली साड्यांचं दुकान भाड्याने दिलेलं, वर दोन खोल्यांत ते आणि त्यांची बायको. घराणं शहाजीराजांच्या वेळेपासून इथलं. साडेतीनशे वर्षांत यांच्या घरात मराठी टिकली होती, पण आरती मराठीत आणि भांडण कन्नडमध्ये, अशी त्यांनीच वाटणी सांगितली होती. मीटर तपासण्याच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं नोकरी करून ते बाहेर पडले होते आणि आता आमच्याकडे पडताळणीचं काम करत. ती शिसवी काठी त्यांच्या वडिलांची. मोटरवर टेकवून कानाला लावली की आतलं बेअरिंग झिजलंय का, मोटरवर ओझं किती आहे, हे ते सांगत. मी पुढे दोन-तीनदा यंत्राने मोजून खात्री करून घेतली. माझाच वेळ गेला.

आमचं काम काय होतं ते इथेच सांगते, नाहीतर पुढचं काही उमगायचं नाही. दक्षिणेतल्या तीन राज्यांतल्या काही कारखान्यांनी मिळून एक प्रयोग चालवला होता. प्रत्येकाने वर्षाला ठरलेली वीज वाचवायची. ज्याने ठरल्यापेक्षा जास्त वाचवली त्याने ती जादा बचत विकायची, आणि ज्याला वाचवणं जमलं नाही त्याने ती विकत घेऊन आपला शब्द पुरा करायचा. म्हणजे कर्नाटकातल्या कारखान्याने न वापरलेली वीज तमिळनाडूतली गिरणी विकत घेणार. न वापरलेली गोष्ट विकायची तर ती खरोखरच वापरली गेली नाही, याची खात्री कुणीतरी द्यायला हवी. ती विठोजी अण्णा देत. ते जागेवर जाऊन मीटर बघून पहिली सही करत, मी ऑफिसात आकडे तपासून दुसरी सही करी. मग त्या बचतीला नंबर पडे आणि मी तो कॉम्प्युटरवर एका राज्याच्या खात्यातून दुसऱ्या राज्याच्या खात्यात टाकी. दोन सह्यांशिवाय एक युनिट हलत नसे. एकदा हललं की परत मात्र येत नसे. विकलेली बचत त्या कारखान्याने तीन वर्षं टिकवायचीच, मोडली तर दुप्पट भरून द्यायची, असा करार होता. हा नियम मला तेव्हा फार चोख वाटायचा.

अण्णांचा स्वतःचा एकच नियम होता. रीडिंग ज्या दिवशीचं, त्याच दिवशी लिहायचं. एकदा पावसामुळे त्यांची एका कारखान्याची फेरी चुकली. महिनाअखेरचा माझा तक्ता अडला. मी म्हटलं, उद्या जा आणि आजची तारीख टाका, एका दिवसाने काय होतंय. त्यांनी तो रकाना कोरा ठेवून वही माझ्यासमोर सरकवली. मी चिडले, आमचे साहेब वेणुगोपाल चिडले, तक्ता तसाच अर्धवट गेला. अण्णा खाली जाऊन शांतपणे कॉफी पीत बसले.

त्या वर्षी ऑक्टोबरात पहिली मोजणी करायला आम्ही दोघं बेंगळुरूच्या कडेला बेळ्ळंदूरला गेलो. आज तिथे काचेच्या इमारती आहेत. तेव्हा तळं होतं, भाजीचे मळे होते आणि मध्येच उगवलेल्या पत्र्याच्या शेडी. त्यातल्या एका शेडीत स्कूटरच्या भागांवर क्रोमचा मुलामा चढवायचं काम चाले. मालकाचं नाव सुब्बाराव. मऊ बोलणारा, स्वतःच्या हाताने कॉफी आणून देणारा माणूस. आत ओळीने टाक्या होत्या, त्यात नारिंगी पाणी उकळल्यासारखं फसफसत होतं, आणि त्या टाक्यांवर अकरा बायका काम करत होत्या. टाक्यांवरची वाफ ओढून बाहेर फेकायला दोन मोठे ब्लोअर होते. त्यांच्या आवाजात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नव्हतं.

अण्णांची पद्धत अशी, की आधी सगळा कारखाना बंद करायला लावायचा. मग एकेक यंत्र चालू करायचं आणि मीटरची चकती मिनिटाला किती फिरते ते मोजायचं. कोण किती खातं हे त्यातून कळतं. त्या दिवशीही त्यांनी तसंच केलं. शेवटी दोन्ही ब्लोअर चालू केले आणि चकती अशी सुटली की तिच्यावरची काळी खूण दिसेना.

"बघा सार," ते सुब्बारावांना म्हणाले. कौतुकाने म्हणाले, हे मला स्पष्ट आठवतं. आपली विद्या कुणीतरी मन लावून पाहतंय याचा त्यांना आनंद झाला होता. "तुमच्या विजेचा चौथा हिस्सा हे दोन राक्षसच खातात."

सुब्बाराव वाकून चकती बघत होते. "परत एकदा दाखवा," ते म्हणाले.

अण्णांनी ब्लोअर बंद केले. चकती निवांत झाली. सुब्बारावांनी मनगटावरचं घड्याळ लावून मोजलं. तेवढ्या मिनिटभरात टाक्यांवर पिवळसर धुरकं चढलं. माझ्या घशात काहीतरी टोचल्यासारखं झालं आणि बायकांनी पदर नाकाला लावले. अण्णा घाईने म्हणाले, "चालू करा, चालू करा, त्यांना त्रास व्हायलाय." ब्लोअर सुरू झाले आणि आम्ही कॉफी प्यायला गेलो. माझ्या मनात त्याचं काही राहिलं नाही.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत सुब्बारावांनी नव्या मोटरी बसवल्याचं कळवलं आणि आम्ही पडताळणीला गेलो. फाटकात ते हसून म्हणाले, "तुमची शांतता तयार ठेवली आहे." सगळा कारखाना आमच्यासाठी आधीच बंद केलेला होता. फरशी धुतलेली, खिडक्या उघड्या. अण्णांना ते फार आवडलं. इतर ठिकाणी यंत्रं थांबवायला मिनतवाऱ्या कराव्या लागत. त्यांनी नव्या मोटरी एकेक करून चालू केल्या, काठी लावून ऐकल्या, पसंत केल्या. ब्लोअर जुनेच होते, ते तपासायचे नव्हते, म्हणून चालू करायला सांगितले नाहीत.

बचत निघाली एकतीस टक्के. मी विचारलं, नुसत्या मोटरींनी एवढी कशी? सुब्बारावांनी टाक्यांवर तरंगणारे प्लास्टिकचे चेंडू दाखवले, टाक्यांची झाकणं दाखवली. उष्णता राहते, वाफ कमी होते, म्हणाले. सगळं पटण्यासारखं होतं. मीटरचं शिशाचं सील शाबूत होतं, आकडा खरा होता. अण्णांनी सही केली. ऑफिसात येऊन मी केली. मार्च महिन्यात ती बचत तमिळनाडूतल्या एका सूतगिरणीच्या खात्यात गेली आणि वेणुगोपालांनी सगळ्यांना मैसूरपाक वाटला. राज्याची हद्द ओलांडून गेलेली ती आमची पहिली बचत होती.

ज्या माणसाने सगळं बंद करून ऐकायची सवय लावली, त्याला मुळातच काय बंद आहे ते कळणार कसं. हे मला आज सुचतं. तेव्हा मी मैसूरपाकाचे दोन तुकडे खाल्ले.

टाक्यांवरच्या बायकांत लक्ष्मीदेवी म्हणून एक होती. तिशीची, नवरा सोडून गेलेला, दिव्यश्री नावाची सातवीतली मुलगी. अण्णा दर महिन्याला रीडिंगला गेले की तीच त्यांना पाणी आणून देई. केसांत रोज मोगऱ्याचा गजरा, काही झालं तरी. जूनमध्ये ती अण्णांना म्हणाली, "अण्णा, हल्ली फुलवाले फसवतात. पाणी मारून शिळी फुलं विकतात. मोगऱ्याला वासच नाही राहिला."

अण्णांनी हे मला त्याच दिवशी येऊन सांगितलं. मी फाइलमधून मान वर न काढता म्हटलं, असेल. ते टेबलापाशी उभेच राहिले.

"अक्का, चार पावलांवर मी हुतो," ते म्हणाले. "मला येत हुता की वास."

पुढच्या महिन्यात त्यांनी एकच केलं. एरवी ते साडेअकराच्या सुमाराला पोचत आणि तोवर त्यांची शांतता तयार असे. जुलैत ते न कळवता सकाळी नऊला जाऊन फाटकात उभे राहिले. पॉलिशची यंत्रं चालू होती, टाक्यांना वीज पुरवणाऱ्या यंत्राची घरघर होती. ब्लोअरचा आवाज नव्हता. आत गेले तर टाक्यांवर धुरकं, आणि बायकांनी तोंडाला ओली फडकी बांधलेली. दोन्ही ब्लोअरचे पट्टे काढून भिंतीवर खिळ्याला टांगले होते. अण्णांनी पट्ट्यावरून बोट फिरवलं. कित्येक महिन्यांची धूळ निघाली.

सुब्बाराव रागावले वगैरे नाहीत. त्यांनी कॉफी मागवली. "तुम्हीच तर दाखवलंत, विठोजीराव," ते म्हणाले. "चौथा हिस्सा तिथे जातो म्हणून. आणि आता मी ते चालू कसे करू? बचत विकली गेली आहे. सही तुमचीच आहे त्यावर."

ही गोष्ट अण्णांनी वेणुगोपालांच्या खोलीत माझ्यासमोर सांगितली. त्यांचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता. वेणुगोपालांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मीटर चुकीचा आहे का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"युनिटं वाचली आहेत की नाहीत?"

"वाचलीत."

"मग आपलं काम बरोबर आहे. कारखान्यातली हवा बघायला सरकारने वेगळी माणसं नेमली आहेत."

अण्णा त्या वेगळ्या माणसांकडेही गेले. त्या माणसांनी मालकाला रीतसर कळवून तपासणी केली. त्या दिवशी पट्टे चढवलेले होते, ब्लोअर जोरात चालू होते आणि हवा स्वच्छ होती. दुसऱ्या दिवशी पट्टे परत खिळ्यावर.

मग अण्णांनी वही केली. तशीच लांबट, आमच्या रीडिंगच्या वहीसारखी, दोरा बांधलेली. संध्याकाळी पाळी सुटायच्या वेळी ते फाटकाबाहेर उभे राहत. केळीच्या पानाच्या दोन पुड्या असत. एकीत मोगरा, दुसरीत अबोली. अबोलीला वास नसतो, हे बेंगळुरूत लहान पोरालाही ठाऊक आहे, तिथे प्रत्येक वेणीत ती असते. बायकांनी डोळे मिटून दोन्ही पुड्या हुंगायच्या आणि मोगरा कुठला ते सांगायचं. बायकांना आधी हा खेळच वाटला. अण्णा मात्र नाव, तारीख आणि उत्तर लिहीत. बरोबर, चूक. दर महिन्याला तेच. ऑगस्टमध्ये अकराजणींपैकी तिघी चुकल्या. ऑक्टोबरात पाच. डिसेंबरात सात. दोघींच्या नाकातून रक्त येतं असंही त्यांनी बाजूला लिहून ठेवलं होतं. लक्ष्मीदेवीच्या नावापुढे पहिल्या दिवसापासून चूक, चूक, चूक.

ती वही घेऊन ते कामगारांच्या दवाखान्यात नाकाच्या डॉक्टर राजलक्ष्मी यांच्याकडे गेले. बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, या बायका माझ्याकडे येत नाहीत, आल्या तर नोकरी जाईल या भीतीने काही नाही म्हणतात, आणि हुकमाशिवाय मला आत जाता येत नाही. वही चांगली आहे, पण ती मालकाशी भांडलेल्या एका माणसाची वही आहे. तुमच्या संस्थेतल्या कुणी जबाबदार माणसाने स्वतः चाचणी घेऊन शेजारी सही केली, तर मी टाक्या बंद करायला लिहीन. आठ दिवसांत बंद होतील.

अण्णांनी घरी येऊन वहीत पट्टीने एक नवा रकाना आखला. दुसरी सही.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत वार्षिक पडताळणी आली. अण्णांनी सही करायला नकार दिला, म्हणून वेणुगोपालांनी मला पाठवायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी ते मला म्हणाले की मार्चपासून मी कायम होणार, आणि प्रयोग आता पाच राज्यांत जाणार. त्याच संध्याकाळी जिन्यात अण्णा थांबले होते.

"मीटरवर तुम्ही सही करा. आकडा खराच असणार," ते म्हणाले. "फक्त एक चाचणी करा. लक्ष्मीदेवीची. एकच पुरे हाय, डॉक्टरबाई म्हणाल्यात." आणि सकाळी त्यांनी पानाच्या दोन पुड्या माझ्या हातात दिल्या.

बारा फेब्रुवारी. त्या दिवशी ब्लोअर चालू होते, अर्थात. मीटर बरोबर होता. मी सही केली. निघताना लक्ष्मीदेवी पाणी घेऊन आली. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी पुड्या काढल्या. तिने पदराला हात पुसले, डोळे मिटले, आणि एकेक पुडी नाकाशी धरून लांब श्वास घेतला. तिच्या नाकपुडीच्या आत लाल चट्टा दिसत होता. तिने बराच वेळ घेतला. परीक्षेत आठवत नसलेलं उत्तर मुलं शोधतात, तशी ती शोधत होती.

"दोन्ही छान वासाची आहेत, अक्का," ती म्हणाली.

मग डोळे उघडून माझ्याकडे बघून हसली, आणि तिने मला तिची खुशखबर सांगितली. सहा वर्षं नाव लावून ठेवलं होतं, आता गॅसचा नंबर आला होता. पुढच्या महिन्यात सिलिंडर मिळणार. दिव्यश्रीला सकाळी गरम खाऊन शाळेत जाता येईल. "घरातला रॉकेलचा वास एकदाचा जाईल," ती म्हणाली. "तसा हल्ली येत नाही म्हणा."

मी तिचं अभिनंदन केलं. फुलं तिलाच दिली.

परतीच्या बसमध्ये मी पूर्ण वेळ एकाच गोष्टीचा विचार करत होते, आणि ती गोष्ट लक्ष्मीदेवी नव्हती. अण्णांच्या वहीत सही करायची म्हणजे पहिल्या पडताळणीवरची माझीच सही खोटी ठरवायची. आज केलेलीही. सूतगिरणीच्या खात्यात गेलेला नंबर, पाच राज्यं, मार्च महिना. मला भीती वाटली. त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही.

अण्णा जिन्यात मीटरपाशी उभे होते. "झाली चाचणी?"

"वेळच नाही मिळाला, अण्णा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाले. वही काखेत मारली आणि ते खाली गेले. पुढच्या आठवड्यात त्यांनी आमचं काम सोडलं. तरी ते रोज संध्याकाळी यायचे, जिन्यात थोडा वेळ उभे राहायचे, मी उतरले की कशा आहात विचारायचे आणि जायचे. मला वाटलं, रिकामा माणूस आहे, सवयीने येतो. मी मार्चमध्ये कायम झाले.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, एका सकाळी, लक्ष्मीदेवीने चहासाठी काडी ओढली. दिव्यश्री नळावर पाण्याला गेली होती. शेजारचे नंतर म्हणाले की पहाटेपासून सगळ्या गल्लीत गॅसचा वास येत होता. एक म्हातारी तिला सांगायला म्हणून उठून चालू लागली होती, ती दारापर्यंत पोचायची होती. लक्ष्मीदेवी चार दिवस दवाखान्यात होती. पाचव्या दिवशी गेली.

अण्णा सहाव्या दिवशी ऑफिसात आले. जिन्यात थांबले नाहीत, सरळ वर माझ्या टेबलापाशी आले. त्यांनी वहीचा दोरा सोडला आणि एक पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. बारा फेब्रुवारी. लक्ष्मीदेवी. चाचणी घेणार, वीणाक्का, म्हणजे मी. त्यापुढचे दोन रकाने, निकालाचा आणि दुसऱ्या सहीचा, कोरे होते.

"तुम्हाला कळलं होतं," मी म्हटलं.

"तिनंच सांगितलं की. दुसऱ्याच दिवशी, फाटकात. अक्कानं फुलं दिली म्हणून खूश हुती. माळून आली हुती."

"मग मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं हुतं की. जिन्यात," ते म्हणाले. "परत दोनदा विचारायचं न्हाई ओ कुणाला. रोज येऊन उभा राहायचो. म्हटलं, सांगतील."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी पेन उचललं. "आता लिहिते, अण्णा. सही करते. जे झालं तेच लिहिते."

त्यांनी पानावर पंजा ठेवला.

"रीडिंग ज्या दिवशीचं, त्याच दिवशी लिहायचं असतंय, अक्का."

मी पेन खाली ठेवलं. त्यांनी वही मिटली, दोरा बांधला, आणि म्हणाले, "दहा बायका हायत अजून. उद्या पाळी सुटायच्या वेळेला मी फाटकात थांबतो. तुम्ही या."

मी गेले. दहाजणींपैकी आठजणींना मोगरा सापडला नाही. मी प्रत्येकीच्या नावापुढे त्याच दिवशी, तिथेच उभं राहून सही केली. वेणुगोपालांना राजीनामा पाठवला, तो त्यांनी ताबडतोब घेतला. राजलक्ष्मीबाईंनी शब्द पाळला, टाक्यांना टाळं लागलं. त्या दिवशी मी बोटांवर मोजून पाहिलं. बरोबर आठ दिवस लागले होते. फेब्रुवारीत सही केली असती तर लक्ष्मीदेवीचं नाक दवाखान्यात पोचलं असतं, आणि गॅसची गोष्ट तिने राजलक्ष्मीबाईंना सांगितली असती. त्या माझ्यासारखं अभिनंदन करून उठल्या नसत्या.

अण्णा दोन हजार चार साली गेले. त्यांच्या बायकोने काठी आणि वही माझ्याकडे पाठवली, त्यांनीच तसं सांगून ठेवलं होतं म्हणे. काठी मी दिव्यश्रीला दिली. ती तेव्हा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करत होती आणि तिला काठीचा उपयोग होता. वही माझ्याकडे आहे. ते पान मी मधूनमधून उघडते. दोन्ही रकाने कोरे आहेत.